मोहल्ला आणि रुंद रस्ता

(शहर वाढते तेव्हा नवे रस्ते होतात, नव्या इमारती उभ्या राहतात. या बदलात जुन्या वस्त्यांचे काय होते? तेथील शेजारधर्माचे काय होते? मराठवाड्यातील एका जुन्या शहराचे उदाहरण घेऊन या पाठात हा विचार मांडला आहे.)

गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडजवळ, हेमलकसा नावाचे लहानसे गाव आहे. चारी बाजूंना दाट जंगल आहे. जवळच पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. बाबा आमटे यांनी १९७३ साली येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथील माडिया लोकांची सेवा केली. त्यामुळे हे गाव सर्वांना माहीत झाले.

या भागातील माडियांची गावे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. कागदावर नकाशा काढून ही गावे कोणी वसवलेली नाहीत. तरीही त्यांना एक व्यवस्था आहे. गावात गोटुल असते. तेथे लोक जमतात, गावाचे निर्णय घेतात, पाहुण्याला उतरवतात. गोटुल काढून टाकले, तर घरे तीच राहतील. पण गाव तेच राहील का?

गावाचे जे, तेच शहराचे. शहर म्हणजे केवळ रस्ते आणि इमारती नव्हेत. माणसे एकमेकांना कोठे भेटतात, मुले कोठे खेळतात, आजारी माणसाच्या मदतीला कोण धावते, यांवरून शहर ओळखावे.

हेमलकशाहून चंद्रपूरला आले की आपल्याला एक तटबंदीचे शहर दिसते. ते गोंड राजांनी वसवले. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर ही त्याच्या चार दरवाजांची नावे. आजही जटपुरा दरवाजाजवळ मोटारींची दाटी होते. दरवाजा बांधला तेव्हा त्यातून हत्ती, घोडे आणि बैलगाड्या जात असत. आता तेथून मोटारी आणि रिक्षा जातात. जुने शहर आणि नवी वाहतूक यांची गाठ अशी पडते. दरवाजा ठेवायचा की रस्ता रुंद करायचा? हा प्रश्न अनेक शहरांपुढे आहे. मराठवाड्यातील औरंगाबाद शहरात तो फार मोठा झाला. या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर असे झाले.

हे शहर मलिक अंबर याने वसवले. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतील हबशी. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला. पुढे आपल्या कर्तबगारीने तो अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी नावाच्या गावाच्या जागी राजधानीचे शहर उभारले. तेथील भडकल दरवाजा त्याच्याच काळातील आहे. पुढे औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून आला. त्याने या शहराला औरंगाबाद हे नाव दिले. त्याच्या काळात शहराभोवती तट बांधला गेला.

या शहराला लोक ‘बावन्न दरवाजांचे शहर’ म्हणत. उत्तरेकडे दिल्ली दरवाजा, दक्षिणेकडे पैठण दरवाजा आणि पश्चिमेकडे मकाई दरवाजा. मकाई म्हणजे मक्केच्या दिशेचा. दरवाजाच्या नावावरूनच वाटसरूला वाट कळत असे. तटाच्या आत आणि बाहेर अनेक ‘पुरे’ होते. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगांच्या नावाने करणपुरा आणि पदमसिंगांच्या नावाने पदमपुरा. बेगमपुरा, नवाबपुरा, चेलीपुरा हेही त्यांतलेच. राजपूत सरदार, मोगल अधिकारी, हबशी, दख्खनी मुसलमान, मराठे, व्यापारी आणि विणकर असे सर्व लोक एका शहरात नांदत होते. नावे वेगळी होती. पण बाजार एकच होता.

आता एखाद्या जुन्या मोहल्ल्यात शिरून पाहू. मोठ्या रस्त्यावर दुकाने असतात. तेथून एक गल्ली आत जाते. गल्लीतून बोळ फुटतो आणि तो एखाद्या घरापाशी संपतो. नवख्या माणसाला वाटते, ‘हा काय गोंधळ!’ पण त्यात गोंधळ नाही. बाजार सर्वांचा, गल्ली मोहल्ल्याची आणि बोळ त्यातल्या चार-सहा घरांचा, अशी ती विभागणी असते. अनोळखी माणूस बोळात शिरला की कोणीतरी ओट्यावरून विचारतेच, “कोणाकडे जायचे आहे, भाऊसाहेब?” त्या प्रश्नात आदर असतो आणि पहाराही असतो.

घराचे दार उघडले की आधी देवडी लागते. मग वळण घेऊन आपण अंगणात येतो. अंगणाभोवती दालने असतात, कोठे कोठे मध्ये हौद असतो. रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या कमी आणि त्याही उंचावर. वाऱ्याला आणि उजेडाला अंगणातून वाट मिळते. उन्हाळ्यात अरुंद गल्लीवर दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली पडते. मराठवाड्याच्या उन्हात ही सावली किती मोलाची, हे दुपारी चालणाऱ्यालाच कळते.

बगदाद, कैरो, फेज यांसारख्या जुन्या इस्लामी शहरांत घरबांधणीचे काही नियम पाळले जात. त्यांतला मुख्य नियम असा, की आपल्या बांधकामाने शेजाऱ्याला त्रास होऊ नये. आपल्या खिडकीतून शेजाऱ्याचे अंगण दिसू नये. समोरासमोरच्या घरांची दारे शक्यतो एकमेकांसमोर येऊ नयेत. रस्त्याच्या रुंदीवरून भांडण झाले तर रस्ता सात हात ठेवावा, असे हदीसमध्ये सांगितले आहे. सात हात म्हणजे सव्वातीन ते साडेतीन मीटर. ओझे लादलेली जनावरे समोरासमोर आली, तरी त्यांना एकमेकांना ओलांडून जाता यावे, एवढी ती रुंदी होती. बंद बोळात कोणाला काही बदल करायचा असेल, तर तेथील सर्व घरांची संमती लागे. हे नियम लोकांच्या भांडणांतून आणि काझीच्या निवाड्यांतून घडत गेले. म्हणून ते लोकांच्या अंगवळणी पडले होते.

पाण्याची व्यवस्था तर पाहण्यासारखी होती. मलिक अंबराने शहरासाठी ‘नहर-ए-अंबरी’ बांधली. उत्तरेकडच्या हर्सूल परिसरातून जमिनीखालच्या मार्गाने पाणी शहरात येई. जमिनीला उतार होता, त्यामुळे पाणी आपोआप वाहत येई. ठिकठिकाणी हवा जाण्यासाठी आणि सफाईसाठी उभ्या विहिरीसारखी तोंडे ठेवलेली होती. मातीच्या नळांतून हे पाणी हौदांत आणि वस्त्यांत पोचे. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की नहरीच्या पाण्यावर चाले. पाण्याच्या जोराने जाते फिरे आणि तेथे येणाऱ्या लोकांसाठी पीठ तयार होई. मोहल्ल्यातील हौद हे पाणी भरण्याचे ठिकाण होते, तसेच भेटण्याचे ठिकाणही होते. सगळ्या वस्तीच्या बातम्या तेथेच कानावर येत.

काळ बदलला. १९४८ पर्यंत हे शहर हैदराबाद संस्थानात होते. पुढे ते महाराष्ट्रात आले. चिकलठाणा येथे आणि नंतर वाळूज येथे कारखाने निघाले. खेड्यांतून माणसे कामाला येऊ लागली. एवढ्या लोकांना राहायला जागा हवी होती. म्हणून १९७० नंतर सिडको या सरकारी संस्थेने जुन्या शहराच्या पूर्वेला नवे शहर वसवायला घेतले. तेथील भागांना एन-१, एन-२, एन-३ अशी नावे दिली गेली. आधी नकाशा, मग रस्ते, मग गटारे आणि शेवटी घरे, असा क्रम होता. शाळेची, बागेची, बाजाराची जागा राखून ठेवलेली होती. हजारो कुटुंबांना त्यामुळे पक्की घरे मिळाली. हा नव्या नियोजनाचा मोठा लाभ आहे आणि तो नाकारता येणार नाही.

जुन्या शहरात मात्र अडचणी वाढत होत्या. गल्ल्या त्याच, पण माणसे आणि वाहने कितीतरी पट. आग लागली तर बंब आत जाईना. रात्री बाळंतीण अडली तर तिला खाटेवरून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागे. गटारे तुंबत. एका घराच्या वाटण्या होऊन चार घरे झाली, अंगणे बुजली, त्यामुळे हवा आणि उजेड कमी झाला. ‘जुने ते सोने’ एवढे म्हटल्याने या अडचणी सुटत नाहीत. म्हणून रस्ते रुंद करण्याचे ठरले. २०११ आणि २०१२ च्या सुमारास जुन्या शहरातील अनेक रस्त्यांवर पाडापाडी झाली.

रस्ता रुंद झाला म्हणजे काय झाले? नकाशावर एक रेघ ओढली गेली. ती रेघ कोणाच्या दुकानातून गेली, कोणाच्या देवडीतून गेली, तर कोणाच्या दालनातून गेली. घराचा पुढचा भाग गेला आणि आतले अंगण रस्त्यावर आले. ज्या अंगणात आजी निवांत बसत असे, ते आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू लागले. मग अंगण बंद करून तेथे गाळे निघाले. ओटे गेले, तसे ओट्यावरचे बसणेही गेले. गल्लीत खेळणाऱ्या मुलांना आता वाहनांची भीती. गाड्या वेगाने जाऊ लागल्या, पण पलीकडच्या घरी वाटीभर साखर मागायला जाणे अवघड झाले.

ज्यांची घरे पूर्ण गेली, त्यांना दूर जावे लागते. मालकाला काही भरपाई तरी मिळू शकते. भाडेकरूच्या हाती बहुतेक वेळा काहीच येत नाही. शिवाय मोहल्ल्यात घर आणि काम एकाच ठिकाणी असते. या शहराचे हिमरू कापड प्रसिद्ध आहे. ते विणण्याचा माग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत असा माग कसा बसवणार? तेथे विणकराला घर मिळते, पण त्याचा धंदा जातो. कारागिराचे शेजारी सुटले की त्याचे गिऱ्हाईक सुटते आणि सूत उधार देणारा दुकानदारही सुटतो. नकाशात घर दिसते. ही उधारी दिसत नाही.

नहरींचेही तसेच झाले. इमारतींचे पाये खोदताना जमिनीखालचे नळ ठिकठिकाणी फुटले. कोठे ते बुजले, कोठे त्यांत घाण पाणी शिरले. काही दरवाजे पडले, तर काही पाडले गेले. तटाचा अनेक ठिकाणी मागमूसही उरला नाही. ज्या शहरात एके काळी नहरींचे पाणी खेळत होते, त्याला आता पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पंपाने पाणी आणावे लागते आणि नळाला पाणी येण्याची वाट पाहावी लागते.

जगातील इतर शहरांनीही हे पाहिले आहे. इजिप्तचे राज्यकर्ते खेदिव इस्माईल यांना पॅरिसचे रुंद रस्ते फार आवडले. त्यांनी कैरोच्या जुन्या वस्तीतून सरळ रस्ता काढला. त्यासाठी अनेक घरे आणि जुन्या वास्तू पाडाव्या लागल्या. मोरोक्कोतील फेज शहरात वेगळा मार्ग निघाला. तेथे १९१२ नंतर फ्रेंच राज्यकर्त्यांनी नवे शहर जुन्या शहराबाहेर वसवले. त्यामुळे जुन्या गल्ल्या वाचल्या. आजही तेथे सामान गाढवांवरून आणि हातगाड्यांवरून नेतात. १९८१ साली युनेस्कोने जुन्या फेजला जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण त्यातही एक उणीव राहिली. पैसा आणि सोयी नव्या शहरात गेल्या आणि जुन्या शहरात गरिबी दाटली. म्हणजे जुने शहर केवळ न पाडणे पुरेसे नाही. त्याची काळजीही घ्यावी लागते. कैरोमध्ये पुढे अशी काळजी घेण्यात आली. तेथे २००५ साली एका जुन्या कचऱ्याच्या टेकाडावर अल-अझहर बाग उघडली. त्याबरोबर शेजारच्या दर्ब अल-अहमर वस्तीतील घरे दुरुस्त केली गेली. रहिवासी तेथेच राहिले आणि कित्येकांना कामही मिळाले.

आपल्या मुंबईतील भेंडी बाजाराची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथील इमारती जीर्ण झाल्या होत्या. २००९ साली बोहरा समाजाच्या एका विश्वस्त संस्थेने साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतले. सुमारे २५० जुन्या इमारतींच्या जागी उंच इमारती बांधायच्या आणि जुन्या रहिवाशांना व दुकानदारांना त्याच भागात जागा द्यायची, अशी ती योजना आहे. माणसे आपल्या जागी राहतात, हे तिचे मोठे बळ. पण गल्ली आडवी होती, ती आता उभी झाली. विसाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची खुशाली ओट्यावर बसून कळत नाही. त्यासाठी भेटण्याच्या नव्या जागा कराव्या लागतील.

मग करावे तरी काय? बंब आत गेला पाहिजे, हे खरे. पण त्यासाठी प्रत्येक गल्ली सारखीच रुंद करायला हवी का? लहान बंब आणता येतो. ठिकठिकाणी पाण्याचे नळ बसवता येतात. मोटारी बाहेर उभ्या करून आत पायी जाता येते. दरवाजा न पाडता त्याच्या बाजूने रस्ता काढता येतो. औरंगाबादेत काही दरवाजांच्या बाबतीत तसे झालेही आहे. अलीकडच्या वर्षांत काही दरवाजांची डागडुजीही झाली. चंद्रपुरात २०१७ पासून स्वयंसेवकांनी रोज श्रमदान करून गोंड राजांच्या किल्ल्याचा तट स्वच्छ केला. लोकांनी मनावर घेतले म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

आणि जेथे घर पाडल्याशिवाय इलाजच नाही, तेथे आधी विचारायला हवे. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पण आराखडा सरकारी मराठीत असतो. ती भाषा कळली नाही, तर मुदत निघून जाते आणि घरावर खूण पडल्यावरच माणूस जागा होतो. म्हणून मित्रांनो, आपल्या शहराचा आराखडा वाचता यावा, अर्ज लिहिता यावा, यासाठीही मराठी शिकायची असते. मोहल्ल्यातील ज्या आजींना तो कागद वाचता येत नाही, त्यांना तो तुम्ही वाचून दाखवू शकता.

रस्ता हवा, हौदही हवा. बंब हवा, ओटाही हवा. रस्ता किती रुंद असावा, हे मोजपट्टीने ठरते. मोहल्ला कसा असावा, हे मात्र त्यात राहणाऱ्या माणसांना विचारूनच ठरवावे लागते.

शब्दार्थ

तटबंदी – शहराभोवतीची भिंत, फसील
वाटसरू – प्रवासी, मुसाफिर
देवडी – दारातून आत गेल्यावरची छोटी जागा, ड्योढी
ओटा – घरासमोरचा चौथरा, चबुतरा
संमती – परवानगी, रजामंदी
निवाडा – न्याय, फैसला
बंब – आग विझवणारी गाडी
जीर्ण – फार जुने, बोसीदा
आराखडा – योजनेचा नकाशा, खाका
हरकत – विरोध, एतराज
डागडुजी – दुरुस्ती, मरम्मत

वाक्प्रचार

अंगवळणी पडणे – सवय होणे
कानावर येणे – ऐकायला मिळणे
मागमूस न उरणे – काहीही खूण न राहणे
मनावर घेणे – निश्चय करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खडकी येथे राजधानीचे शहर कोणी उभारले?
(आ) मकाई दरवाजा हे नाव कशावरून पडले?
(इ) पाणचक्की कशाच्या जोराने चाले?
(ई) जुन्या फेजला जागतिक वारशाचा मान कोणत्या साली मिळाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बाजार, गल्ली आणि बोळ यांची विभागणी कशी असते?
(आ) नहर-ए-अंबरीचे पाणी शहरात कसे येई?
(इ) जुन्या शहरात कोणत्या अडचणी वाढल्या?
(ई) रस्ता रुंद झाल्यावर विणकराचा धंदा का जातो?

३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(ओटे, सावली, आराखड्यावर, गोटुल)
(अ) माडियांच्या गावात ........ असते.
(आ) अरुंद गल्लीवर भिंतींची ........ पडते.
(इ) ........ गेले, तसे त्यावरचे बसणेही गेले.
(ई) विकास ........ हरकती देण्याचा हक्क नागरिकांना आहे.

४. कारणे लिहा.
(अ) नहरींचे नळ ठिकठिकाणी फुटले.
(आ) फेजच्या जुन्या गल्ल्या वाचल्या.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
अरुंद × ........   जुने × ........   अनोळखी × ........   लाभ × ........

६. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

७. मोहल्ला, बाजार, दरवाजा, शहर, हौद, इमारत, दुकान हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. असे आणखी दहा शब्द शोधून लिहा. मराठीत त्यांचा उच्चार किंवा लिंग बदलले आहे का, ते पाहा.

८. तुमच्या गल्लीत पाण्याचा नळ बंद पडला आहे. तो दुरुस्त करावा, म्हणून नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना मराठीत अर्ज लिहा.

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला भेटा. त्यांच्या लहानपणी तुमचा मोहल्ला कसा होता, ते विचारा. त्या वेळचा आणि आजचा, असे मोहल्ल्याचे दोन साधे नकाशे काढा. कोणत्या भेटण्याच्या जागा नाहीशा झाल्या आणि कोणत्या नव्या झाल्या, ते वर्गात सांगा.